हृदयाच्या झडपांचे आजार आणि डॉप्लर इको : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'झडप अरुंद झाली आहे' किंवा 'झडपेतून गळती आहे' असे सांगितल्यावर रुग्ण आणि नातेवाईक इको तपासणीचा (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढणाऱ्या तपासणीचा) अहवाल घेऊन बसतात, आणि त्यातले आकडे व रंगीत चित्रे त्यांना अधिकच घाबरवतात. ते आकडे कसे मिळतात, त्यांवर किती विसंबावे आणि कोणत्या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो, हे समजावे यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. उपचाराचा निर्णय मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

टू-डी इको आणि डॉप्लर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत का?

एकाच यंत्रावर, एकाच वेळी केल्या जाणाऱ्या एकाच तपासणीचे ते दोन भाग आहेत. टू-डी चित्रात झडपेची पाती जाड झाली आहेत का, त्यांवर कॅल्शियम साठले आहे का, ती पूर्ण उघडतात का आणि हृदयाचे कप्पे मोठे झाले आहेत का, हे दिसते. मात्र त्या चित्रात रक्ताची जागा जवळजवळ काळी असते. रक्त कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि ठोक्याच्या कोणत्या क्षणी वाहते, हे डॉप्लरमुळे कळते.

हृदयाच्या चारही झडपांचे काम एकच, रक्ताला एका दिशेने जाऊ देणे आणि मागे येऊ न देणे. त्यामुळे बिघाडही मुख्यतः दोनच प्रकारचे असतात. झडप नीट उघडत नाही, तेव्हा त्याला स्टेनोसिस म्हणजे अरुंदपणा म्हणतात. नीट मिटत नाही, तेव्हा रिगर्जिटेशन म्हणजे गळती. कित्येकदा एकाच झडपेत दोन्ही असतात.

तपासणी चालू असताना यंत्रातून 'हुश्श-हुश्श' असा आवाज येतो. तो माझ्या हृदयाचाच आवाज असतो का?

स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा आवाज तो नव्हे. पण तो तुमच्या रक्ताच्या वेगातूनच निर्माण झालेला असतो.

ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली प्राग येथे असे मांडले की, लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली भासते आणि दूर जात असेल तर घटलेली भासते. त्याचे विवेचन ताऱ्यांच्या रंगांविषयी होते. ध्वनीच्या बाबतीत १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलॉट यांनी आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून याची पडताळणी केली. फलाटावर उभे असताना शिटी वाजवत येणारी गाडी पुढे निघून गेली की शिटीचा स्वर एकदम उतरतो, हा अनुभव आपल्यालाही असतो.

इको यंत्राचा प्रोब, म्हणजे छातीवर टेकवला जाणारा भाग, सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांच्या ध्वनिलहरी छातीत सोडतो. मऊ ऊतींमध्ये त्या सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात आणि धावणाऱ्या तांबड्या पेशींवर आदळून परततात. समजा, लहर २५ लाख कंपनांची आहे आणि रक्त प्रोबच्या दिशेने सेकंदाला १ मीटर वेगाने येत आहे. मग परतलेल्या लहरीत सुमारे ३,२०० कंपनांची वाढ होते. मूळ लहर कानाला ऐकू येत नाही, पण हा फरक नेमका आपल्या ऐकण्याच्या कक्षेत येतो, म्हणून यंत्र तो आवाजाच्या रूपात ऐकवू शकते. सरावलेला तपासनीस पडद्याइतकाच कानावरही भरवसा ठेवतो, कारण प्रवाहाच्या नेमक्या मध्यावर प्रोब आला की आवाज उंच आणि स्वच्छ होतो.

पडद्यावर लाल रंग म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध रक्त का?

नाही. हा गैरसमज शाळेच्या पुस्तकातील हृदयाच्या आकृतीमुळे झालेला आहे आणि तो फार पसरलेला आहे. डॉप्लरमध्ये प्रचलित संकेत असा आहे की, प्रोबच्या दिशेने येणारे रक्त लाल दाखवायचे आणि प्रोबपासून दूर जाणारे निळे. रक्तातील ऑक्सिजनशी या रंगांचा काहीही संबंध नाही. एकच प्रवाह प्रोब दुसऱ्या जागी ठेवल्यावर लालचा निळा होऊ शकतो.

पिवळा-हिरवा-निळा असा मिश्र रंग दिसतो, तेव्हा त्या जागी रक्ताचा वेग रंगपट्टीच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो किंवा प्रवाह खळाळता झालेला असतो. ही मर्यादा तपासनीस स्वतः ठरवतो. ती उगाच कमी ठेवली तर क्षुल्लक गळतीसुद्धा पडदाभर रंगते. गळती पाहताना ती सामान्यतः सेकंदाला ५० ते ७० सेंटीमीटरच्या आसपास ठेवतात.

अरुंद झडपेच्या अहवालात 'ग्रेडियंट' लिहिलेला असतो. छातीत सुई न घालता दाब कसा मोजला जातो?

दाब थेट मोजला जात नाही. वेग मोजला जातो आणि त्यावरून दाबातील फरक, म्हणजेच ग्रेडियंट, काढला जातो. बागेला पाणी घालताना नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात आणि लांब जाते. अरुंद झडपेतही तेच घडते. झडपेच्या अलीकडे दाब जितका जास्त तुंबेल, तितक्या वेगाने रक्त पलीकडे उसळते.

हा संबंध बर्नोलीच्या समीकरणातून येतो आणि हृदयासाठी त्याचे रूप अगदी सोपे आहे. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला ४ ने गुणावे. उत्तर मिलिमीटर पाऱ्यात मिळते. वेग १ मीटर असेल तर फरक ४, वेग ४ मीटर असेल तर ६४ आणि वेग ५ मीटर झाला तर १००. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वेगातील थोडी वाढही दाबात मोठी दिसते. नॉर्वेमधील ट्रॉन्डहाइम येथे लिव्ह हाटले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे सूत्र रुग्णांवर पद्धतशीरपणे वापरून दाखवले. त्यापूर्वी हा फरक मोजण्यासाठी हृदयात नळी सरकवून कॅथेटर तपासणी करावी लागे. आज बहुतेक रुग्णांची त्यातून सुटका झाली आहे, आणि माझ्या मते हृदयरोगशास्त्रातील मोठ्या उपकारांपैकी हा एक आहे.

महाधमनीच्या झडपेतून निरोगी माणसात रक्त सेकंदाला साधारण १ ते १.७ मीटर वेगाने जाते. वेग २ ते २.९ मीटर असेल तर अरुंदपणा सौम्य, ३ ते ३.९ असेल तर मध्यम आणि ४ किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र मानतात. तीव्र अरुंदपणात सरासरी ग्रेडियंट सहसा ४० किंवा अधिक असतो आणि झडपेचे तोंड १ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून लहान झालेले असते. निरोगी प्रौढात ते ३ ते ४ असते. अहवालात 'पीक' (कमाल) आणि 'मीन' (सरासरी) असे दोन ग्रेडियंट असतात, त्यांची एकमेकांशी गल्लत करू नये.

त्याच झडपेचा वेग एका ठिकाणी ३.४ आणि दुसऱ्या ठिकाणी ४.२ आला. यंत्र बिघडले होते का?

बहुधा यंत्र ठीक असते; कोन चुकलेला असतो. ध्वनिलहर प्रवाहाच्या अगदी समांतर असेल तरच खरा वेग मिळतो. कोन २० अंशांपर्यंत असला तर वेग सुमारे ६ टक्क्यांनी कमी दिसतो, हे चालून जाते. कोन ६० अंश झाला तर वेग थेट निम्मा दिसतो. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, कोनाची चूक वेग नेहमी कमीच दाखवते, वाढवून दाखवत नाही. म्हणून नीट संरेखित आणि स्पष्ट नोंदींपैकी सर्वांत जास्त वेगाची नोंद ग्राह्य धरतात.

याच कारणाने महाधमनीची झडप तपासताना केवळ छातीच्या डाव्या बाजूने पाहणे पुरेसे नाही. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून उरोस्थीच्या उजवीकडून, तसेच गळ्याखालच्या खळगीतून, आणि शक्य तेथे चित्र न दाखवणाऱ्या लहान पेन्सिलसारख्या प्रोबने वेग शोधावा लागतो. याला वेळ लागतो. तपासनीस तुम्हाला पुन्हा पुन्हा वळायला सांगत असेल, तर ते काळजीपूर्वक कामाचे लक्षण समजावे. झडपेशेजारची गळतीची जोरदार धार चुकून अरुंदपणाची धार म्हणून मोजली गेली तर मात्र आकडा खोटा वाढू शकतो, आणि हे टाळण्यासाठी धारेचा आकार व तिची ठोक्यातील वेळ पाहावी लागते.

झडपेचे क्षेत्रफळ कसे काढतात? ते चित्रावर आखून मोजत नाहीत का?

हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या द्विदल झडपेसाठी चित्रावर आखून मोजता येते आणि नीट केले तर ती उत्तम पद्धत आहे. कॅल्शियम साठलेल्या महाधमनीच्या झडपेत कडा स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून तेथे प्रवाहाचा हिशोब मांडतात. नदीचे पात्र जेथे अरुंद होते तेथे पाणी वेगाने धावते, पण अलीकडून जितके पाणी येते तितकेच पलीकडे जाते. रक्ताचेही तसेच आहे.

उदाहरण घेऊ. झडपेच्या अलीकडच्या मार्गाचा व्यास २ सेंटीमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४. एका ठोक्यात तेथून रक्ताचा स्तंभ २० सेंटीमीटर सरकतो, म्हणजे सुमारे ६३ मिलिलिटर रक्त जाते. झडपेत हेच अंतर ८० सेंटीमीटर भरले, तर ६३ भागिले ८० म्हणजे झडपेचे तोंड सुमारे ०.७९ चौरस सेंटीमीटर. आता समजा, तोच व्यास चुकून १.८ मोजला गेला. उत्तर ०.६४ येते. केवळ दोन मिलिमीटरच्या फरकाने क्षेत्रफळ जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटले. म्हणून दोन अहवालांतील क्षेत्रफळ वेगळे दिसले तर आधी हा व्यास ताडून पाहावा.

क्षेत्रफळ फार लहान, पण ग्रेडियंट मात्र कमी, असे कसे होऊ शकते?

होऊ शकते, आणि या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तर रुग्णाचे मोठे नुकसान होते. धार जोरात येण्यासाठी मागून ढकलणारा पंप बलवान हवा. डावे निलय, म्हणजे हृदयाचा मुख्य पंप, अशक्त झाला असेल तर झडप तीव्र अरुंद असूनही वेग ४ मीटरपर्यंत पोहोचत नाही. 'ग्रेडियंट फक्त २८ आहे, म्हणजे आजार मध्यम' असा निष्कर्ष तेव्हा घातक ठरतो.

अशा वेळी डोब्युटामिन हे औषध शिरेतून हळूहळू वाढवत, मिनिटाला दर किलो वजनामागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत देऊन, देखरेखीखाली पुन्हा इको करतात. पंपाचा जोर वाढल्यावर वेग आणि ग्रेडियंट चढले आणि क्षेत्रफळ लहानच राहिले, तर झडप खरोखर तीव्र अरुंद आहे. क्षेत्रफळ वाढले, तर झडप पुरेशी न उघडण्याचे कारण पंपाच्या अशक्तपणात होते. पंपाची शक्ती चांगली असूनही निलयाची पोकळी लहान असल्याने एका ठोक्यात कमी रक्त जाणारे रुग्णही असतात, विशेषतः वयस्कर आणि दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेले. त्यांच्यासाठी सीटी स्कॅनने झडपेतील कॅल्शियम मोजणे उपयोगी ठरते. हा अंक पुरुषांत २,००० आणि स्त्रियांत १,२०० च्या वर गेला तर तीव्र अरुंदपणाची शक्यता बळावते. स्त्रियांसाठी निकष वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे.

तपासणीच्या वेळचा रक्तदाबही या आकड्यांवर परिणाम करतो. तो फार वाढलेला असेल तर आधी नियंत्रणात आणून मोजणी पुन्हा करणे योग्य.

द्विदल म्हणजे मायट्रल झडपेच्या अरुंदपणात वेगळे काय पाहतात?

भारतात या आजाराचे मुख्य कारण लहानपणी येऊन गेलेला र्‍हुमॅटिक ताप (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा आणि झडपांना इजा करणारा आजार) हे आहे, आणि तो येथे तरुण वयातच झडप अरुंद करतो, हे दिल्लीतील डॉ. सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ सालीच नोंदवले होते. इकोचा जन्मही याच झडपेपायी झाला. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी मायट्रल झडपेची अवस्था जाणून घ्यायची होती. धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र हेल्मुट हर्ट्झ यांच्या मदतीने उसने आणून १९५३ साली त्यांनी हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदवले.

निरोगी मायट्रल झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते, १.५ किंवा त्याहून कमी झाल्यास आजार तीव्र मानतात. डॉप्लरमध्ये दाबातील फरक किती लवकर अर्धा होतो, तो वेळ मिलिसेकंदांत मोजतात आणि २२० ला त्या वेळेने भागतात. वेळ २२० असेल तर क्षेत्रफळ १ येते. ही सोय चांगली आहे, पण फुग्याने झडप रुंदावल्यानंतर लगेच, किंवा महाधमनीच्या झडपेची मोठी गळती सोबत असेल तेव्हा, ती फसवते.

या झडपेचा ग्रेडियंट नाडीच्या गतीवर फार अवलंबून असतो. नाडी ६० असताना रक्ताला झडपेतून उतरायला भरपूर वेळ मिळतो. ११० असताना तो वेळ आखडतो आणि ग्रेडियंट चढतो. म्हणून ग्रेडियंटच्या शेजारी नाडीचा आकडा नसेल तर तो अहवाल अपुरा समजावा. ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी. जिने चढताना धाप लागते, पण निवांत पडून काढलेल्या इकोत फारसे काही दिसत नाही, अशा रुग्णाला व्यायामानंतर लगेच डॉप्लर केल्यास उत्तर मिळते.

'माइल्ड एमआर', 'ट्रिव्हियल टीआर' असे लिहिले आहे. मला हृदयविकार झाला का?

'एमआर' म्हणजे मायट्रल झडपेची गळती आणि 'टीआर' म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेची गळती. झडपा आणि कप्पे अन्यथा निरोगी असतील तर किंचित गळती हा आजार नव्हे. त्रिदल झडपेतील थेंबभर गळती बहुसंख्य निरोगी माणसांत दिसते आणि मायट्रल झडपेतही ती पुष्कळांत आढळते. अशा अहवालामुळे झोप उडालेली तरुण माणसे पाहिली की वाईट वाटते. हे शब्द कागदावर येतात, तेव्हा ते समजावणेही तितकेच आवश्यक असते.

मग गळती खरोखर किती आहे, हे कसे ठरवतात? रंगाचा पट्टा जितका मोठा तितकी गळती जास्त ना?

रंगाच्या पट्ट्यावर एकट्यावर कधीही विसंबू नये. पट्टा गळणाऱ्या रक्ताइतकाच त्याच्या जोरावर, यंत्राच्या रंगमर्यादेवर आणि कप्प्याच्या आकारावर अवलंबून असतो. भिंतीला चिकटून जाणारी तिरकी धार पसरत नाही, म्हणून ती पडद्यावर लहान दिसते, आणि नेमकी तीच कधी कधी तीव्र गळती असते. अचानक झडपेची दोरी तुटून झालेल्या गळतीतही रंग फसवा असतो. रुग्ण धापा टाकत असतो आणि पडद्यावर फारसे काही दिसत नाही.

अधिक विश्वासार्ह खूण म्हणजे धारेची सर्वांत अरुंद मान. मायट्रल गळतीत ती ७ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर गळती तीव्र. दुसरी पद्धत समजण्यासाठी मोरीच्या जाळीकडे धावणारे पाणी आठवावे. जाळीजवळ येता येता पाणी सर्व बाजूंनी वेग घेते. गळतीच्या छिद्राकडे येणारे रक्तही अर्धगोलाच्या थरांतून असेच वेग घेते, आणि रंग बदलतो त्या थराची त्रिज्या मोजून छिद्राचा आकार काढता येतो. त्रिज्या १ सेंटीमीटर, रंग बदलण्याचा वेग ४० सेंटीमीटर आणि धारेचा कमाल वेग ५ मीटर असेल, तर छिद्र सुमारे ०.५ चौरस सेंटीमीटर येते. ०.४ पासून पुढे तीव्र मानत असल्याने ही गळती तीव्र ठरते. त्रिज्या ७ मिलिमीटर असती, तर उत्तर निम्मे झाले असते. म्हणून या आकड्याला फुप्फुसांच्या शिरांतील उलटा प्रवाह, दर ठोक्याला गळणारे रक्त (६० मिलिलिटर किंवा अधिक म्हणजे तीव्र) आणि डावे अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) व निलय मोठे झाले आहे का, यांची जोड हवी. बरीच वर्षे तीव्र गळती असूनही कप्पे अगदी सामान्य आकाराचे असतील, तर मोजणी पुन्हा तपासावी.

महाधमनीच्या झडपेच्या गळतीत खाली पोटाकडे जाणाऱ्या महाधमनीत हृदय शिथिल असतानाच्या संपूर्ण काळात रक्त मागे वाहते का, हे पाहणे अत्यंत उपयोगी असते.

मायट्रल गळतीचा वेग ५ मीटर लिहिला आहे. हा तर फार वाढलेला दिसतो!

तो तसा असणे अपेक्षित आहे. डावे निलय आकुंचन पावते तेव्हा तेथील दाब १२० च्या घरात असतो आणि अलिंदातील दाब बराच कमी असतो. एवढ्या फरकाने गळणारे रक्त, छिद्र सुईच्या टोकाएवढे असले तरी, ५ मीटरच्या आसपास वेगानेच उसळणार. गळतीचे प्रमाण वेगावरून ठरत नाही.

फुप्फुसाचा दाब त्रिदल झडपेवरून कसा कळतो?

तेच सूत्र वापरून. त्रिदल झडपेतील गळतीचा वेग ३ मीटर असेल तर फरक ३६ येतो. त्यात उजव्या अलिंदाचा अंदाजे दाब मिळवतात. पोटातील मोठी शीर २१ मिलिमीटरपर्यंत रुंद असेल आणि जोराने श्वास घेतल्यावर निम्म्याहून अधिक आक्रसत असेल, तर हा दाब ३ धरतात. रुंद असेल आणि आक्रसत नसेल तर १५. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे.

अन्ननलिकेतून करायचा इको केव्हा लागतो?

छातीवरून चित्र स्पष्ट येत नसेल, झडपेवर जंतुसंसर्गाच्या गाठी असल्याची शंका असेल, दुरुस्ती किंवा फुग्याचा उपचार ठरवायचा असेल, किंवा अलिंदात रक्ताची गुठळी आहे का हे पाहायचे असेल तर. त्यासाठी काही तास उपाशी राहावे लागते. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो आणि मायट्रल गळती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, म्हणून तिची तीव्रता ठरवताना जागेपणीचा साधा इकोही समोर ठेवावा.

कृत्रिम झडप बसवली आहे, तरी ग्रेडियंट का येतो?

प्रत्येक कृत्रिम झडपेच्या चौकटीमुळे थोडा अडथळा होतोच. भारतात तिरुवनंतपुरम येथे विकसित झालेली आणि १९९० पासून रुग्णांत बसवली जाणारी चित्रा झडप असो वा परदेशी बनावटीची, तिच्या प्रकारानुसार आणि मापानुसार अपेक्षित वेग ठरलेला असतो. धातूच्या झडपेत किंचित गळती मुद्दाम ठेवलेली असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ आठवडे ते ३ महिन्यांत केलेला पहिला इको जन्मभर जपावा. पुढे ग्रेडियंट वाढला, तर झडपेत गुठळी झाली की केवळ ताप किंवा रक्तक्षय यामुळे प्रवाह वाढला, हे त्याच्याशी ताडूनच कळते.

गरोदरपणात आकडे एकदम वाढले. झडप महिन्याभरात इतकी बिघडली का?

सहसा नाही. गरोदरपणात हृदयातून दर मिनिटाला जाणारे रक्त साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडीही जलद होते. झडपेचे तोंड तेवढेच राहूनही ग्रेडियंट चढतो. पण 'झडप तीच आहे' म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरेल, कारण फुप्फुसांत पाणी साठवतो तो हा वाढलेला दाबच. मायट्रल अरुंदपणा माहीत असलेल्या स्त्रीने शक्य तर गर्भधारणेपूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

शाळकरी मुलांची डॉप्लर तपासणी करून काही उपयोग होतो का?

र्‍हुमॅटिक आजार जेथे जास्त आहे तेथे होतो, असे माझे ठाम मत आहे. कंबोडिया आणि मोझांबिकमधील मुलांवरील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेथोस्कोपने जितकी मुले सापडली, त्याच्या सुमारे दहापट इकोने सापडली. युगांडात झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, इकोने सापडलेल्या सुप्त आजाराच्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिल्यावर दोन वर्षांत आजार वाढलेल्यांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी राहिले; इंजेक्शन न दिलेल्यांत ते शंभरात सुमारे आठ होते. झडप कायमची जखडण्यापूर्वी हाती येणारी ही संधी आहे.

या तपासणीत किरणोत्सर्ग असतो का? उपाशी यावे लागते का?

किरणोत्सर्ग नसतो. छातीवरून करायच्या साध्या इकोसाठी उपाशी राहण्याची गरज नाही आणि नेहमीची औषधे चालू ठेवावीत.

इको किती दिवसांनी पुन्हा करावा आणि सोबत काय आणावे?

लक्षणे नसतील तर महाधमनीच्या सौम्य अरुंदपणात ३ ते ५ वर्षांनी, मध्यम असल्यास १ ते २ वर्षांनी आणि तीव्र असल्यास दर ६ ते १२ महिन्यांनी. धाप, छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले तर तारखेची वाट पाहू नये. येताना केवळ शेवटच्या पानावरील निष्कर्ष आणू नका. मागील सर्व अहवाल, शक्य तर चित्रांची सीडी आणि औषधांची यादी आणा. उंची, वजन, त्या वेळचा रक्तदाब व नाडी अहवालात नोंदवून घ्या, कारण पुढच्या वेळी वेग ३.६ वरून ३.९ झालेला दिसला, तर तो फरक झडपेचा की त्या दिवशीच्या नाडीचा, हे ठरवायला तीच नोंद उपयोगी पडेल.